पानाचा कौल

“ही गोष्ट ऐकून तुम्ही मला खोटारडा म्हणणार. म्हणा. तानशाच्या पाण्यात सुसरीनं माझी तंबाखूची पिशवी पळवली आणि दुसऱ्या दिवशी चुना मागायला काठावर आली, हे सांगितलं तेव्हाही म्हणालात. ही त्याहून अवघड आहे. तुळशीच्या एका पानानं आमच्या पाड्यावर ठरवलं, की दवाखान्यात कोणी जायचं आणि अंथरुणात कोणी राहायचं. आणि आम्ही दोन पायांची माणसं हात जोडून बघत राहिलो!”

हे मी बोललो ते शहापूरकडच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. आत ऑपरेशनचं शिबिर चाललं होतं, बाहेर सकाळपासून रांग. पहिल्याच बाकावर एक बाई पदर कपाळाखाली ओढून गप्प बसलेली. बाकी कोणी गप्प नव्हतं. मागून आलेल्या एका पोरीचं पोट डॉक्टरांनी दाबून पाहिलं होतं आणि ‘हिला सगळ्यांच्या आधी’ म्हणून आत टेबल लावायला गेले होते. पोरगी बापाच्या मांडीवर गुडघे छातीशी घेऊन पडली होती. आणि मुरबाडचा आदेश, हर्निया घेऊन आलेला गडी, दारात हात पसरून उभा राहिला होता.

“पहिल्या एस्टीनं आलोय! आमचा नंबर आधी. वशिला चालणार नाय!”

“टेबल लागेपर्यंत ऐक की रे,” मी म्हटलं, “उभ्यानं ऐकलीस तरी गोष्ट तेवढीच लांब.”

तर ऐका. आमचा पाडा शेणव्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. खाली यायला ओढा ओलांडावा लागतो आणि जीप एकच. ओढ्याचं पाणी चढलं की ती दिवसात एकदा जाणार, आणि आडवा झोपवलेला माणूस तिच्यात एकच मावणार. मग आधी कोण? यावरून आमच्याकडे दोन घरांत कोयते निघाले होते. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं, की माणसानं ठरवायचंच नाही. देवानं ठरवायचं. आणि देवाच्या वतीनं भगीरथबाबानं.

हा भगीरथ पूर्वी लग्नात बँड वाजवायचा. दाढी वाढवली आणि बाबा झाला. देवळापुढं परात मांडायचा, पाण्यानं भरलेली. पाड्यावरची, खालच्या वाडीतली, सगळी माणसं गोल करून बसायची. बाबा डोळे फिरवून ओरडायचा:

“भगीरथानं गंगा आणली, मी परात आणली! गंगा मेल्यावर तारते, माझी परात मरायच्या आधी तारते! डॉक्टर काय बघतो? रगात आणि लघवी! लघवीत नशीब दिसतं का रे?”

“नाय!” आम्ही सगळे.

मग आजाऱ्याच्या घरचं माणूस पुढं यायचं. बाबा तुळशीचं एक पान बोटांत धरून मंतरायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. ते पाण्यावर सोडायचं. आणि काय सांगू, पान चालायचं! वारा नाही, फुंकर नाही. होडीसारखं सर्रर्र जायचं, काठाला लागलं की वळून पुन्हा निघायचं. बायका कानशिलांवर बोटं मोडायच्या. चाललं तर देव म्हणतो ‘ने’, त्याला जीप. जागीच राहिलं तर देव म्हणतो ‘ठेव, मी बघतो’, त्याला अंगारा. भांडणं मिटली. भांडणं मिटली म्हणून आम्हांला वाटलं, न्याय आला.

हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलं होतं, तरी पाऊस जात नव्हता. ओढा फुगलेला. त्या दिवशी कौलाला दोघं. एक दामू, त्याला मोतीबिंदू. दुसरी हौसाची लेक भिमी. उजव्या कुशीत कळ, ओकाऱ्या, अंग तव्यासारखं. हौसा रात्रभर तेल कोमट करून तिचं पोट चोळत होती. तशीच उठून आली, पोरीला बाजेवर टाकून.

दामूचं पान सोडलं. पळालं. मग हौसाचं.

हौसानं पान पाण्यावर ठेवलं आणि ते बसलं. नुसतं बसलं, शेणात रुतलेल्या रेड्यासारखं. मी भगीरथाकडं बघत होतो. त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं दुसरं पान घेतलं, जास्त वेळ मंतरलं, हौसाकडं दिलं. बसलं. तिसरं. तेही बसलं.

“बाबा, बोला की,” हौसा म्हणाली. “पोरगी पोटाला हात लावू देत नाय आता.”

बाबानं परातीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग डोळे मिटले.

“ठेवली,” तो म्हणाला. “देवानं ठेवली.”

दामू उठला. “ओ बाबा, मला काय झालंय? धूसर दिसतंय एवढंच. दिवाळीनंतर गेलो तरी चालंल. गो हौसा, तुझ्या पोरीला घाल जीपमधी.”

“कौल मोडतोस?” भगीरथ गरजला. “देवाची रांग आहे ही, दामू! रांग मोडलीस तर पाड्यावर काय येईल ते तुझ्या माथी!”

पाड्यावर काय येईल, हे ऐकल्यावर दामूला आम्हीच धरून जीपमध्ये बसवलं. हो, आम्हीच. ज्याला बघता येत नव्हतं तो म्हणत होता पोरीला न्या, आणि ज्यांचे डोळे धड होते ते म्हणत होते, बस गपचिप. जीप गेली.

“मग?” आदेशनं विचारलं. हात अजून दारावरच होते, पण कोपरात वाकलेले.

मग त्याच संध्याकाळी शेणव्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अनिता परातीचं ऐकून ओढ्यातून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आल्या. एक सुसर आडवी आली, तिला छत्रीनं हाणलं. आल्या त्या थेट देवळापुढं.

“परात धुऊन आणा,” म्हणाल्या. “राखेनं घासून. पाणी नवं.”

आणली. बाईंनी आरतीच्या तबकातला कापूर उचलला, त्याचा कण तुळशीच्या पानाच्या देठाशी चिकटवला आणि पान पाण्यावर सोडलं. मंत्र नाही, डोळे फिरवणं नाही. पान निघालं! बाबाच्या पानापेक्षा जोरात!

“कापूर पाण्यावर पसरतो आणि पानाला पुढं ढकलतो,” बाई म्हणाल्या. “देव नाही ढकलत. देवळात कापराचा वास येतो, म्हणून तुमच्यापैकी कोणाला शंका आली नाही. बाबा, नखं दाखवा.”

भगीरथाच्या अंगठ्याच्या नखात पांढरं होतं. तो रडायला लागला. “मी पोरीच्या पानालाबी लावला होता! आईशपथ! तिन्ही पानांना लावला, चाललंच नाय!”

बाई हौसाकडं वळल्या. “पान सोडलंत तेव्हा हाताला काय होतं?”

“तेल. पोट चोळत होते.”

बाईंनी देवळातल्या समईच्या तेलात करंगळीचं टोक बुडवलं आणि पळत्या पानाजवळ पाण्याला टेकवलं. पान जागच्या जागी मेलं.

“तेलाचा तवंग पाण्यावर धरला, की कापराचं काही चालत नाही,” त्या म्हणाल्या. “ज्या घरात माणूस जास्त आजारी, त्या घरात तेल लावून चोळणं जास्त. त्यांचीच पानं थांबली. सगळ्यांत आधी न्यायला हवी होती ती माणसं तुमच्या परातीनं मागं ठेवली.” मग भगीरथाला म्हणाल्या, “कापूर लावूनही पान चाललं नाही हे फक्त तुम्हाला माहीत होतं. तेव्हा का नाही बोललात?”

भगीरथानं परातीकडं बघितलं. बोलला असता तर परात गेली असती.

“आणि पोरगी?” मांडीवर पोरगी घेऊन बसलेल्या बापानं विचारलं.

पोरगी? अरे, बाज उलटी केली, बांबू बांधले, डोली करून असे पळालो शेणव्याला, की वाटेत ससे मागं पडले! तिथून गाडी, गाडीतून टेबलावर. डॉक्टरांनी आतलं सडकं काढलं ते निघालं हातभर लांब! आता भिमी मुरबाडला कॉलेजात जाते. परवाच भेटली, म्हणाली, नामाबाबा…

“लबाड बोलतोस, नामादादा.”

पहिल्या बाकावरच्या बाईनं पदर मागं घेतला. हौसा होती.

“डॉक्टरीणबाई आल्या त्या भिमीच्या दहाव्याला. परात मीच घासून दिली त्यांना. कापूर खरा, तेल खरं. तेल माझ्या हातचं, तेबी खरं. भिमी जगली ते खोटं.”

आतून टेबल लागल्याचा आवाज आला. हौसा उठली, आदेशच्या समोर जाऊन उभी राहिली.

“पहिला नंबर तुझा नाय, भाऊ, माझा हाय. माझं दुखणं उद्यापण असंल, तुझंपण असंल. या पोरीला उद्या नाय. डॉक्टरांनी तिच्या पोटाला हात लावून बघितलंय, परातीत नाय बघितलं. दार सोड.”