हासू नाई तिथी

मी कोंबडीचं पीस बोलून राह्यलो. हासू नका बाप्पा! मोराचं नाई म्हनून काय झालं? मी जेवढ्या लोकायले हासवलं, तेवढे त्या मोरानं नाचून बी हासवले नसन.

चौपन साली मार्कंड्याच्या वाटेवरच्या एका आंगनातून डाक्टर गुणवंतरावानं मले उचललं. माहे भाऊ बी होते. एक जन खुपऱ्या झालेल्या डोळ्याले मलम लावे, एक जन वाहत्या कानात औषध नेये. एक डाव वापरलं, का चुलीत. मी वाचलो. माहं काम कोरड्या कातडीचं.

अंगावर फिक्का चट्टा दिसला, का डाक्टर त्या मानसाच्या डोळ्यावर दुपट्टा बांधे. मले चट्ट्यावर टेकवे आन् म्हने, "लागलं तिथी बोट ठेव." कातडी बरी असली, का मानूस खुदकन हासे. मी बी वस्ताद, जाता जाता काखेकडं सरके. पन जिथी हासू नाई, तिथी महारोग.

एक दिवस नदीवर मासे धरनारा पोचू बायकोले घेऊन आला. गोकुळाच्या हातावर चट्टा. रांगेत पोचू तिच्या कानात म्हने, "घरी माहा मोठा दादा म्हनते, महारोग निघला तर गावाबाहेर झोपडी. तू भेऊ नको. मी मांगं उभा आहो."

मी टेकलो. गोकुळा दगडावानी बसून. मांगून पोचू खोकलला. तिनं झटकन चट्ट्यावर बोट ठेवलं! पुन्हा टेकलो, पुन्हा खोकला, पुन्हा बोट.

"पोचूभाऊ, छाती भरली काय?"

"दिवसभर पान्यात राहतो ना जी."

"बाई, काई नाई. शिबं असन. मलम लाव."

दोघं हासत घरी गेले. जलमभर खोड्या केल्या मी, पन हे खोडी मले गोड नाई लागली. पिसाले तोंड कुठी?

दोन सालानं थे परत आले. गोकुळाची बोटं वाकली होती. चुलीनं तळहात भाजला, तिले पत्ताच नाई.

डाक्टर म्हने, "गोळ्या तवाबी पेटीत होत्या, पोचूभाऊ."

"मले वाटलं, वाचवून राह्यलो," पोचू म्हने, आन् तोंडात दुपट्टा कोंबून उभा राह्यला.

डाक्टरनं गोकुळाचे डोळे बांधले. मी मनगटापासून कोपरापर्यंत तीनदा फिरलो. गोकुळा म्हने, "करा ना जी सुरू. काऊन थांबले?"

आता माह्या अंगावर दोन केस राह्यले. पोरायनो, तुमी डाक्टरकी शिकून राह्यले ना? मंग तपासाच्या आंधी मांगं उभा असन त्याले बाहेर पाठवा. पन त्याच्यावर खेकसू नका. त्याले फक्त बायको घरी न्याची असते.