शिंगं रंगवणारा हात

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, पण रंग मला कधीच लागला नाही. माझे केस शेळीचे, दांडा लाकडाचा. माझ्यात लोखंडाचा कणही नाही, कारण माझं काम एमआरआयच्या मोठ्या चुंबकाजवळ चाले. सावंगीच्या दवाखान्यात वल्लरी मॅडम यंत्रात झोपलेल्या माणसाच्या हातावरून मला हळूहळू फिरवत आणि तेव्हा मेंदूचा कोणता भाग जागा होतो, ते यंत्र टिपून घेई. माझ्यासारखा मऊ ब्रश दुसरा नाही, असं त्या सगळ्यांना सांगत.

एकदा वडनेरहून यशोदाबाई आल्या. लकव्यानंतर त्यांचा डावा हात बधिर झाला होता. त्या हाताला काही कळतं का, एवढंच त्यांचे यजमान वासुदेवराव यांना जाणून घ्यायचं होतं. घरी विचारलं की बाई हो म्हणत, पण त्यांना ते खरं वाटत नसे.

मॅडमनी मला हातावरून फिरवून विचारलं. "लागून राह्यलं जी," बाई म्हणाल्या. मग मला हातापासून दूर धरून विचारलं. तरी तेच उत्तर. मॅडमला वाईट वाटू नये, म्हणून बाई हो म्हणत होत्या. काचेपलीकडे वासुदेवरावांनी मान खाली घातली.

मॅडम बाहेर आल्या आणि "आता तुम्ही फिरवून बघा," म्हणत त्यांनी मला वासुदेवरावांच्या हातात दिलं.

"इतक्या लोकायसमोर?" ते पुटपुटले. चारचौघांत बायकोच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

तरी ते आत आले. बाईंना यंत्राच्या छताशिवाय काही दिसत नव्हतं, कानांवर हेडफोन होते. वासुदेवरावांनी मला कोपरापासून मनगटापर्यंत एका ओढीत नेलं आणि टोकाशी किंचित फिरवलं. पोळ्याला बैलांची शिंगं ते अशीच रंगवत.

थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला, "अवो, तुमी काऊन आले आतमंधी? मी का बैल आहो?"

 वासुदेवरावांनी मला खाली ठेवून तोच हात सगळ्यांदेखत आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी चित्रं तयार झाली. स्पर्श कुठे झाला हे सांगणारा मेंदूचा भाग गप्पच होता. तो कसा वाटला हे ओळखणारा, खोलवरचा भाग मात्र मंद उजळला होता.

आता हे काम यंत्राचा हात करतो. त्याचा वेग चुकत नाही. मी खणात पडून आहे, केस झडत चाललेत. टोकाशी किंचित फिरवणाऱ्या त्या हाताची मला फार आठवण येते.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणाचा हात वाट पाहत असेल, तर तो धरायला मी लागत नाही.