हॉविसबाई कुणाच्या पोटच्या

"मुलगी झाली होती असं म्हणायचंच नाही," गढीचा कारभारी हेमो पुन्हा म्हणाला. "पाय मोडला म्हण. छपरं शाकारणारा माणूस तू. शिडीवरून पडलास, पाय मोडला, आणि त्याच दिवशी गढीवर हॉविसबाईंचा जन्म झाला. म्हणून दिवस लक्षात राहिला. झालं!"

"माझा पाय कधी मोडलाच नाही," ऑस्बर्ट म्हणाला.

"मग आता मोडू का?"

चर्चच्या भिंतीला टेकून बसलेले, साक्षीला आलेले बारा पंच खो खो हसले. आत राजाचा अंमलदार टेबल मांडून बसला होता. गढीचे मालक सर राल्फ गेल्या हिवाळ्यात वारले. मागे एकच लेक, हॉविस. जमीनजुमला तिचाच व्हायचा. पण सर राल्फचे भाऊ सर फुल्क यांनी भलतंच काढलं. म्हणे, राल्फची खरी मुलगी पाळण्यातच मेली आणि दूध पाजणाऱ्या दाईने आपली पोर तिच्या जागी ठेवली. ही दाई म्हणजे ऑस्बर्टची बायको ईडिथ. थोडक्यात, रेशमी ओढणी घेऊन फिरणारी हॉविसबाई छपरं शाकारणाऱ्याची पोर!

तेव्हापासून गावात ऑस्बर्टला कोणी सुखाने जगू देईना. छपरावर चढला की खालून हाका यायच्या, "काय हो बाईसाहेबांचे तीर्थरूप, जरा जपून!" स्वतःची थट्टा त्याने सोसली असती. पण ईडिथ मरून तीन वर्षं झाली होती आणि लोक तिला चोर म्हणत होते. ते ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो कारभारी, पण खरं सांगितलं तरी बाईसाहेबच जिंकतात ना!" तो चिडून म्हणाला. "माझी पोर आधी गेली. सबिना नाव ठेवलं होतं. सुईणीनेच पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला, मी माझ्या हातांनी पुरली. घरी येऊन हात धुतोय, तोच गढीवरून बोलावणं आलं, की बाळ झालंय, ईडिथला पाठव. मेलेली पोर पाळण्यात कशी घालणार?"

"आधी की नंतर, हे सांगायला कोण उरलंय? सुईण गेली. पाद्री गेला. तुझी बायको गेली. उरलास तू. आणि फुल्कसाहेबांच्या मते तू पोरीचा बाप! बापाचं कोण खरं मानतं?" हेमोने आवाज खाली आणला. "मेलेलं पोर कोणाचंही म्हणता येतं, बाबा. ते कधी झालंच नव्हतं म्हटलं, की भानगडच मिटली. ईडिथला दूध कसं होतं विचारलं तर थोरला मुलगा अजून अंगावर पीत होता म्हण. तो पीत होताच की!"

ते खरं होतं, आणि म्हणूनच ऑस्बर्टला जास्त संताप आला.

एकेक पंच आत जाऊन ग्रंथावर हात ठेवून आला. नुसती शपथ चालत नसे. इतक्या वर्षांपूर्वीचा तो दिवस तुझ्या लक्षात कसा, हेही सांगावं लागे. गिरणीवाला म्हणाला, त्या दिवशी मी घोड्यावरून पडलो. त्याच्या सात पिढ्यांत कोणाकडे घोडा नव्हता. दुसऱ्याचं कोठार जळालं, तिसऱ्याच्या घरी चोरी झाली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात; इथे तर बारा तोंडं होती आणि परमेश्वराचा पत्ता नव्हता. ज्याच्या घरात त्या दिवशी खरोखर काही घडलं होतं, त्यालाच तेवढी बोलायची बंदी.

ऑस्बर्टच्या मनात वेगळंच होतं. ईडिथ गेल्यापासून सबिनाचं नाव दुसऱ्या कोणी उच्चारलं नव्हतं. राजाचा माणूस येणार म्हटल्यावर त्याला वाटलं होतं, चला, एकदा तरी ते मोठ्याने सांगता येईल, कागदावर येईल. माझी मुलगी होती. दोनच दिवस, पण होती.

त्याचं नाव पुकारलं. अंमलदार जांभई देत होता. सर फुल्क हाताची घडी घालून उभे होते. समोर बाकावर हॉविसबाई ओढणीचं टोक चावत बसली होती. पंधरा वर्षांची पोर. भीतीने ओठ पांढरे पडले होते.

"त्या सुमारास तुझ्या बायकोला मुलगी झाली होती का?"

ऑस्बर्टचा हात ग्रंथावर होता. नाव अगदी ओठांवर आलं. बाकावरच्या पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ईडिथच्या दुधावर वाढलेली पोर.

"नाही," तो म्हणाला.

"मग दूध?"

"थोरला अजून पीत होता."

"दिवस कसा लक्षात राहिला?"

"पाय मोडला होता."

"कुठला?"

हे हेमोने पढवलं नव्हतं. "डावा," ऑस्बर्ट म्हणाला. अंमलदाराने त्याच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. कारकुनाने लिहून घेतलं.

दुपारी निकाल लागला. हॉविस ही सर राल्फचीच लेक. सर फुल्क दाणदाण पाय आपटत घोड्यावर चढले. गढीवरून बिअरची पिंपं आली, पंचांना कंठ फुटला.

"अरे ऑस्बर्ट, जरा लंगड की!" गिरणीवाला ओरडला. "अंमलदार अजून गेला नाही!"

ऑस्बर्टने त्याला शिवी हासडली. प्याला तसाच ठेवला आणि घरी निघाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते त्याला आज कळलं.

"ऑस्बर्ट, थांब ना."

हॉविसबाई मागून आली होती. चेहऱ्यावर रंग परतला होता. काही पावलांवर हेमो अंमलदाराचा घोडा धरून उभा होता, आणि अंमलदार रिकिबीत पाय अडकवत होता.

"तुझे उपकार झाले," ती म्हणाली. "मला आज सारखी ईडिथची आठवण येतेय. मला झोपवताना ती कधीकधी चुकून दुसऱ्याच नावाने हाक मारायची. सबिना म्हणायची. सबिना कोण रे?"

हेमोची मान झटकन इकडे वळली.

ऑस्बर्टने टोपी काढली.

"आमची शेळी होती, बाईसाहेब."

"शेळी!" हॉविसबाई खळखळून हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. "म्हणजे मी शेळी होय! चांगली होती का?"

"चांगली होती," ऑस्बर्ट म्हणाला. "पण फार दिवस जगली नाही."