दुसऱ्याच्या हातात गाणारी

मी एक गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी, दोन शिंगांची आणि किमतीने मधली. शिंगं म्हणजे काय, ते आधी सांगते. माझी मान जिथे धडाला मिळते, तिथलं लाकूड दोन्ही बाजूंनी कापलेलं आहे. त्यामुळे वाजवणाऱ्याची बोटं मानेच्या अगदी बुडापर्यंत, सगळ्यात उंच सुरांपर्यंत बिनअडथळा पोचतात. कापून उरलेली दोन टोकं शिंगांसारखी दिसतात. एके काळी मला त्यांचा फार तोरा होता.

मधल्या किमतीचं असणं हा एक वेगळाच ताप आहे. स्वस्त वस्तू माणूस सहज उचलतो, बिघडली तरी हळहळत नाही. महागडी घेताना दहा वेळा पारखतो. माझ्यासारखीला घेताना मात्र तो डोळ्यांनी घेतो, कानांनी घेतो, सोबत आलेल्यांच्या तोंडाकडे बघून घेतो. आपला हात काय म्हणतो, तेवढं विचारत नाही.

कारखान्यात माझी मान जाड ठेवली, ती मुद्दाम. मोठ्या पंजाच्या लोकांना मूठभर मान आवडते. धडही चांगलं वजनदार, कारण जड लाकडात सूर जास्त वेळ रेंगाळतो, असं ते बनवणारे म्हणायचे. माझ्यात खोट कसलीच नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही माझ्याकडे बोट दाखवाल आणि ते चुकीचंही नसेल.

दुकानात मी भिंतीवर लटकत होते, तेव्हा ती आली. वय पंचेचाळिशीच्या आसपास, हात लहान, बोटं आखूड पण भलती चपळ. ती एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. दवाखान्यात येणारे म्हातारे तिला कवळीताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. कॉलेजात असताना चार मैत्रिणींचा वाद्यवृंद होता, त्यात ती गिटारवर ठेका धरायची. लग्नानंतर सगळं सुटलं. आता वीस वर्षांनी कॉलेजचा मेळावा भरणार होता आणि चौघींनी त्यात पुन्हा वाजवायचं ठरवलं होतं. तिच्या आयुष्यात स्वतःपुरतं असं तेवढंच काही उरलं होतं. बरोबर नवरा होता. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. हौशी माणसं जास्त नुकसान करतात.

माझ्या शेजारी एक फिकट हिरवी गिटार टांगलेली होती. तीही दोन शिंगांचीच, किंमतही जवळपास माझ्याएवढीच, पण अंगाने हलकी आणि मानेने सडपातळ. नवरा तिकडे ढोल बघत होता, तेवढ्यात कवळीताईने हळूच त्या हिरवीच्या मानेभोवती डावा हात धरला. बोटं आपोआप एका कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीच्या, आकारात बसली. ती स्वतःशीच हसली. मी ते हसू पाहिलं आहे.

मग विक्रेता आला, आणि चोरी पकडल्यासारखा तिने हात काढून घेतला.

"काय वाजवता मॅडम?" त्याने विचारलं.

"असंच आपलं, थोडंफार."

वीस वर्षांपूर्वी हिच्या ठेक्यावर अख्खं सभागृह टाळ्या धरायचं, आणि ही म्हणे थोडंफार.

"घ्या ना, वाजवून बघा."

दुकानात पाचसहा तरुण मंडळी उभी होती. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "नको, तुम्हीच वाजवून दाखवा ना."

त्याने मला उतरवलं. लांबसडक बोटं, रुंद पंजा. माझी मान त्याच्या मुठीत अशी बसली की मला सुटल्यासारखं वाटलं. तो वर चढला, बुडापर्यंत गेला, माझी शिंगं शेवटी कामाला आली. आणि मी गायले. जीव तोडून गायले. पोरं वळून बघायला लागली. नवऱ्याने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

"हीच," तो म्हणाला. "आवाज ऐकलास का? घ्यायची तर अशी घ्यावी."

कवळीताईने एकदा हिरवीकडे पाहिलं. "ती जरा हलकी वाटत होती."

"हलकी म्हणजे हलकीच असणार. ही बघ, कशी भारदस्त आहे."

ती गप्प बसली. मीही गप्प बसू शकले असते. विक्रेत्याच्या हातात एखादी तार कुरकुरवली असती, तर त्याने मला परत खुंटीला लावलं असतं. पण कौतुक कोणाला नको असतं?

घरी गेल्यावर आठ दिवसांत सगळं उघडं पडलं. तिला वाजवायचं होतं ते सगळं मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाला, तिथल्या धातूच्या पहिल्या तीनचार आडव्या पट्ट्यांत. उंच सुरांकडे तिला जायचंच नव्हतं. माझी शिंगं तिच्या काही कामाची नव्हती, आणि जाड मान मात्र प्रत्येक कॉर्डला आडवी येत होती. अंगठा मागून पुरेना, पहिलं बोट सगळ्या तारांवर सपाट बसेना. उभं राहून वाजवलं की पट्टा खांद्यात रुतायचा. ती रोज दुपारी दवाखान्यातून आल्यावर तासभर बसायची. मनगट सुजलं की बर्फ लावायची आणि पुन्हा बसायची.

मी दबायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण लाकूड ते लाकूड.

मैत्रिणींसोबत सराव सुरू झाला. ढोल वाजवणारी स्वभावाने स्पष्ट. "अगं, तू मागे पडतेयस," ती म्हणाली. "कॉर्ड बदलताना अडकतेस. पूर्वी तर झोपेत वाजवायचीस."

"सवय मोडलीय गं. येईल."

आली नाही. मेळाव्याला तीन आठवडे राहिले, तेव्हा एका दुपारी तिने मला मांडीवरून बाजूला ठेवलं आणि तिघींना फोन केला. "तुम्ही तिघी करा. नाही, रागावले वगैरे नाही. माझा हात गेलाय, एवढंच." फोन ठेवून ती डाव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठून कणीक मळायला घेतली आणि ती अशी मळली की नवऱ्याने जेवताना विचारलं, आज पोळ्या एवढ्या मऊ कशा?

मेळाव्यात तिघींनी वाजवलं. तिने खाली बसून टाळ्या वाजवल्या. मी पिशवीत, पलंगाखाली.

पुढे एकदा उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा निघाला, म्हणून मला बाहेर काढून बैठकीत भिंतीला टेकवलं होतं. तिने सासूबाईंसाठी नवी कवळी करून आणली होती. म्हातारी ती लावून आरशात बघत म्हणाली, "छान बसलीय गं. काही त्रास नाही."

"आई, तुमचा डावा गाल सांगतोय त्रास आहे म्हणून. कुठे टोचतंय?"

"तू एवढी खपलीस, आता आणखी काय सांगायचं."

"लाजू नका. मी खपले म्हणून तुमची हिरडी बदलणार आहे का? गप्प बसलात तर जखम होईल. मग ही डब्यात पडेल आणि तुम्ही म्हणाल, माझं तोंडच वाईट." तिने कवळी काढून घेतली, कानस घेऊन कडेचा एक कण घासला, पुन्हा बसवली, पुन्हा घासली. चार वेळा. शेवटी म्हातारीचा चेहरा सैल पडला तेव्हा थांबली.

मी दोन हातांच्या अंतरावर भिंतीला टेकलेली होते. माझ्याकडे बघ, म्हणून मी आतून ओरडत होते. अगं, रोज दहा जणांना जे सांगतेस ते स्वतःला एकदा सांग. तिने कानस पुसून डब्यात ठेवली आणि जाता जाता माझ्यावरची धूळ झटकली.

अशी नऊ वर्षं गेली. शेवटी जागा अडते म्हणून मला विकायला काढलं. दोघं मला वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे घेऊन आली. लहानसं दुकान, भिंतीवर जुन्या गिटारी, आणि कानावर पेन्सिल खोचलेला तो माणूस. तिने सांगितलं, ही माझ्या हातात कधी वाजलीच नाही. त्याने माझ्या तारा बदलल्या, सूर लावला आणि मला तिच्यापुढे धरलं.

"वाजवा."

"तुम्हीच वाजवून बघा ना," ती सवयीने म्हणाली.

"ही कशी वाजते ते मला माहीत आहे. ती तुमच्या हातात का वाजली नाही, ते बघायचंय."

तिने घेतलं. पहिलीच कॉर्ड धरताना तिचं तोंड वाकडं झालं. त्याने तिचा पंजा माझ्या मानेला लावून पाहिला.

"ही तुमच्यासाठी निवडली कोणी?"

"मीच. म्हणजे, दुकानातल्या मुलाने वाजवून दाखवली. फार सुरेख वाजवली."

"मग त्याने घ्यायला हवी होती." त्याने भिंतीवरून एक काढली. कुणाची तरी जुनी, सडपातळ मानेची. "ही धरा."

तिने धरली. आणि दुसऱ्याच क्षणी तो ठेका त्या खोलीत उभा राहिला. एकोणतीस वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा, एकही कॉर्ड न अडकता. नवरा मोबाइलमध्ये बघत होता, त्याने मान वर केली आणि तशीच ठेवली. गाणं पुरं झालं.

"घेऊन टाकू या," नवरा हळूच म्हणाला.

तिने गिटार जपून खाली ठेवली. "कोणाबरोबर वाजवू? एक परदेशात गेली. एकीला ऐकू येईनासं झालं. ढोलवाली तर राहिलीच नाही." मग डावा हात उजव्या हातात घेऊन म्हणाली, "नऊ वर्षं मी याला शिव्या घातल्या हो. याचं काहीच चुकलं नव्हतं."

ती दोघं गेली. दारातून जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बघितलं असतं तर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

आता मी इथे खुंटीला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. बाबांनो, मला स्वतः धरा. बेसूर वाजवा, लोक हसले तर हसू द्या. उभं राहून वाजवा, बसून वाजवा, तुम्हाला जे वाजवायचंय तेच वाजवा. माझा आवाज नंतर ऐका, आधी तुमचा अंगठा काय म्हणतो ते ऐका. ज्याच्या हातात मी गाते, त्याच्यासोबत मला जाऊ द्या.

आज सकाळी दुरुस्तीवाला चहाला गेला होता, तेव्हा दोन मित्र आले. घेणारा बुटका, आखूड बोटांचा. सोबत आणलेला जाणकार उंच, पंजा रुंद. बुटक्याने हात खिशातच ठेवले. जाणकाराने मला उतरवलं, मान मुठीत घेतली, बुडापर्यंत चढला. आणि मी, मेली, पुन्हा जीव तोडून गायला लागले.

"हीच घे," जाणकार म्हणाला.

बुटक्याने खिशातून हात काढला नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "तुला आवडली ना? मग झालं."