म्हातारी कोण?

आईच्या जुन्या मोटरहोमचं छप्पर नेमकं पलंगावर गळू लागलं. शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय न ठेवता मुलाने निकाल दिला, “म्हातारी झाली ही गाडी. काढ मोडीत.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाह्या सरसावून ती छपरावर चढली. सांध्यातलं कुजकं रबर तिने खरवडून काढलं, नवं सीलंट दाबून भरलं. ते वाळल्यावर मुलाला पलंगावर बसवलं आणि वरून पाइपाने पाणी सोडलं.

“गळतंय! पाठ भिजली माझी!” आतून विजयी आरोळी आली.

तिने वाकून पाहिलं. पलंगामागची खिडकी साहेबांनी वाऱ्यासाठी सताड उघडून ठेवली होती.

“आधी खिडकी लाव, शहाण्या! मग वर ये आणि म्हातारी कोण, ते मला तोंडावर सांग.”