डाव्या हाताचा ढाण्या

ज्या ढाण्याला मी दर महिन्याला विसाव्या मजल्यावरून उडी मारायला लावते, त्याची चित्रकार स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरची शाईची बाटली काढायला गेले आणि उजवं मनगट मोडून बसले. ताई धावत आली आणि आधी पोटभर हसली. दवाखान्यात तिनेच नेलं, पण आधी हसली, हे मी विसरणार नाही.

ताई गोष्ट लिहिते, मी चित्रं काढते. मासिकातल्या चित्रकथेचा नायक, पट्टेरी मुखवट्याचा ढाण्या, आम्हा दोघींचा. या अंकात तिने त्याच्या आतला भित्रा माणूसच त्याच्यासमोर उभा केला होता. पेटलेल्या इमारतीच्या गच्चीवर मूल अडकलंय, त्याला घेऊन शेजारच्या गच्चीवर उडी मारायची की नाही, यावरून दोघांचं जुंपतं. "चेहरा एकच, मग वाचकाला कोण कुठला ते कळणार कसं?" असं म्हणत मी तिचं डोकं खात होते. आता तर हातच गळ्यात आला.

संपादकांचा फोन आला. "सोमवारी पानं द्या, नाहीतर ढाण्या दुसऱ्याकडे सोपवतो."

दुसरा म्हणजे आम्ही ज्याला 'गुळगुळीत' म्हणतो तो चित्रकार. त्याच्या चित्रातली सगळी माणसं नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी दिसतात. माझा ढाण्या त्याच्या हाती? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रागाच्या भरात पेन डाव्या हातात धरलं आणि ढाण्या काढला. रेष भरकटली, खांदे पडले, मुखवट्याचे पट्टे थरथरले. 'डाव्या हाताचा खेळ' असं म्हणणाऱ्याने कधी शाईला हात लावलेला नसावा. मी रडकुंडीला येऊन कागद चुरगाळून फेकला.

ताईने तो उचलला, टेबलावर सरळ केला आणि बघत राहिली.

"अगं, हाच तो. आतला."

"थट्टा करू नकोस हं ताई."

"थट्टा कसली? हा खरंच घाबरलाय. तुझ्या उजव्या हाताला घाबरणं कधी जमलंच नाही."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग शूर ढाण्या जुन्या अंकांच्या झेरॉक्समधून कापून चिकटवायचं ठरलं. ताईने कात्री घेतली, मी डाव्या हाताने भित्रा काढत गेले. शूराच्या तऱ्हा मोजक्याच निघाल्या: छाती पुढे, मूठ वर, नाहीतर कमरेवर हात. भित्रा मात्र कोपऱ्यात बसला, त्याने नखं खाल्ली, आणि शूराला सुनावलंही, "तू नुसता उभा तर राहतोस!"

शेवटच्या पानावर आमचं घोडं अडलं. एकट्याने उडी मारणारे ढाण्या ढीगभर होते, पण मूल छातीशी धरून उडी मारणारा एकही नव्हता. ताईने सगळा गठ्ठा पुन्हा चाळला.

"आता गं?"

"आता हाच मारेल," मी म्हटलं आणि भित्र्यालाच गच्चीच्या कठड्यावर चढवलं.

पाय लटपटलेले, डोळे गच्च मिटलेले, मूल मात्र घट्ट धरलेलं. रेष इतकी थरथरली की वारा वेगळा काढावा लागला नाही. शूर मागे तसाच, कमरेवर हात ठेवून. मला आनंदाने रडू फुटलं आणि ताईलाही.

सोमवारी संपादकांनी पहिलं पान बघून कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यावर "हे काय?" म्हणाले. मग एकेक पान सावकाश उलटू लागले. शेवटच्या पानाला आले तेव्हा त्यांनी एका हाताने टेबलाची कड धरली होती. पान खाली ठेवून त्यांनी आमच्यासमोरच गुळगुळीतला फोन लावला. "ढाण्याचं राहू द्या. तो त्याच्या घरीच बरा."

मग माझ्याकडे वळले. "प्लास्टर निघालं की हा भित्रा जरा नीट काढाल ना?"

"साहेब," मी म्हटलं, "तो नीट आत्ताच झालाय."

जिन्यात ताईने माझा दंड पकडला, मी पुन्हा पडू नये म्हणून. मी तो सोडवून घेतला. शेवटच्या तीन पायऱ्या मी उडी मारूनच उतरले.