कोलूवरचं अवकाशयान

“पायरीवर नको, अंबुजा. खाली ठेव, पार्कात.”

गोदावैनी स्टुलावर उभी होती. एका हातात दशावतारातला वराह, दुसऱ्या हातात त्याला पुसायचं फडकं. अंबुजा खाली उभी होती आणि तिच्या दोन्ही तळहातांवर, न्हाऊ घातलेलं पोर धरावं तसं, ते हातभर लांबीचं प्लॅस्टिकचं अवकाशयान होतं. रुपेरी रंगाचं, लांब मानेचं, शेपटाकडे जाडजूड नळकांडी असलेलं.

“शेवटच्या पायरीवर जागा आहे की, वैनी. वाणी शेट्टी-शेट्टिणीच्या बाजूला मावेल.”

“मावेल गं. पण पायरीवर माहेरहून आलेली बोम्मंच मांडतो ना आपण? हे कुठल्या माहेरचं?”

वैनी हसत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, हे अंबुजालाही ठाऊक होतं. तरी तिने मान खाली घातली आणि यान जमिनीवर ठेवलं.

कुंभकोणातल्या आमच्या मराठी घरांतून नवरात्रात तमिळ शेजाऱ्यांसारखाच कोलू मांडतात. लाकडी पायऱ्या लावायच्या, त्यांवर पांढरं वस्त्र, वरती देव, मग संत, मग माणसं. बाहुल्यांना तिकडे बोम्मं म्हणतात. अंबुजाच्या घरची रीत आणखी कडक होती. देव सोडले तर पायरीवर चढायचा मान फक्त सुनांनी माहेरून आणलेल्या बाहुल्यांना. प्रत्येक सुनेबरोबर लाल चंदनाची नवरा-बायको येत, मग वर्षावर्षाला एकेक नवी बाहुली. आजीची जोडी, आईची जोडी, गोदावैनीची जोडी, सगळ्या रांगेत. बाजारातून हौसेने आणलेलं काही असलं तर ते खाली, पायऱ्यांच्या पुढ्यात मांडलेल्या बागेत. त्या बागेला सगळे पार्क म्हणत. वाळूचा डोंगर, आरशाचं तळं, तळ्यात सेल्युलॉइडची बदकं.

अंबुजाचं लग्न झालं नाही. पत्रिका, वडिलांचं आजारपण, मग नोकरी, मग वय. कारण एकच असं कधी नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ट्रंक ऑपरेटर होती. डोक्याला हेडफोन लावून जन्मभर तिने लोकांना लोकांशी जोडून दिलं. पायऱ्या ती लहानपणापासून पुसत आली, वस्त्र घडी करत आली, प्रसादाच्या सुंडलचे चणे भिजत घालत आली. पण त्या पायऱ्यांवर हे माझं म्हणावं असं तिचं काही नव्हतं. या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, पहिल्यांदा होतं.

ते यान आलं सिंगापूरहून. वत्सला, अंबुजाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी जुनी मैत्रीण, लग्न करून तिकडे गेली होती. उन्हाळ्यात आली तेव्हा अंबुजाच्या भाच्यांसाठी म्हणून मोठं खोकं घेऊन आली. खोक्यावर ताऱ्यांतून उडणाऱ्या जहाजाचं चित्र. सगळे गोळा झाले. वैनीने झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“अय्यो! हे तर सगळं मोडूनच आलंय!”

आत प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि काड्यांना लटकलेले शेकडो तुकडे. कागदावर जपानी लिपी. पोरांनी थोडं उलटंपालटं केलं आणि ती क्रिकेटला पळाली.

“मोडलेलं नाही,” वत्सला हसून हसून बेजार झाली. “जोडायचं असतं. तिकडे मोठमोठे पुरुष बसून जोडतात.”

“पुरुषांना तिकडे घरी काम नाही वाटतं,” आई म्हणाली. अंबुजाची आई त्रिपुराबाई खांबाला टेकून वाती वळत होती. “जोडून झालं की सांग. मला बसवून तिरुनागेश्वरमच्या देवळात सोडा. बसमधे चढताना गुडघे दुखतात.”

खोकं माळ्यावर जायचं, ते अंबुजाने आपल्या खाटेखाली सरकवलं.

सकाळची पाळी संपवून ती दुपारी घरी येई. जेवण होऊन घर निजलं की ती न्हाणीच्या बाहेरच्या पडवीत पाट टाकून बसे. नखं कापायच्या कात्रीने तुकडे सोडवायचे, ब्लेडने कड तासायची, कागदावरच्या चित्राशी ताडून डिंकाचा थेंब लावायचा आणि दम धरून बसायचं. दम धरणं तिला येत होतं. मद्रासची लाइन लागेपर्यंत तिने आयुष्यात दुसरं काय केलं होतं?

रंग तिने लोखंडाच्या दुकानातून आणला, सायकलच्या चाकांना लावतात तो रुपेरी. पहिला हात जाड बसला, सुरकुत्या पडल्या. सगळं घासून पुन्हा लावलं. तरी यान नव्या डब्यासारखं चकचकीत, खोटं दिसायला लागलं. चित्रातलं कसं लांबच्या प्रवासाहून आल्यासारखं होतं. एका दुपारी तिला सुचलं. तिने घरचं काजळ घेतलं, दोन थेंब खोबरेल तेलात कालवलं, बोटाने यानाच्या अंगावरच्या बारीक खाचांतून भरलं आणि वरचं फडक्याने पुसून घेतलं. खाचा काळ्या राहिल्या, प्लॅस्टिक पत्र्यासारखं दिसू लागलं. ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

दिवे हनुमंतरावांनी दिले. हनुमंतराव एक्स्चेंजमधले मेकॅनिक, मराठीच. शहरात आता लोक आपले आपणच नंबर फिरवून मद्रासला बोलणार होते. जुना बोर्ड उतरवायला घेतला होता. त्या बोर्डावर कुणी फोन उचलला की करंगळीच्या नखाएवढा दिवा लागायचा. अंबुजाने खुंटी घातली की विझायचा. असे मूठभर दिवे हनुमंतरावांनी कागदात बांधून तिच्यापुढे ठेवले आणि साबणाच्या डबीत बसवलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर.

“साहेबांना विचारलंय. भंगारच आहे ते. पण अंबुजाबाई, एक ऐका. बोर्डावर हे किती वेळ जळत होते? तुम्ही खुंटी घालेपर्यंत. प्लॅस्टिकच्या पोटात कोंडून जास्त वेळ लावलेत तर तापतील. जरा दाखवायचं आणि बंद करायचं.”

पहिल्यांदा दिवे लावले तर सगळं यानच आतून उजळलं, कागदी कंदिलासारखं. मग तिने पुन्हा पोट उकललं, आतून काळा रंग दिला आणि तापवलेल्या सुईने कडेकडेने भोकं पाडली. आता दिवा लावला की खिडक्यांची ओळ उमटे. आत कुणीतरी जागं आहे असं वाटे.

तर असं ते यान पार्कात, बदकांच्या शेजारी बसलं.

पहिले काही दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही. येणाऱ्या बायका पायऱ्या बघत, गोदावैनीच्या माहेरच्या नव्या कृष्णाचं कौतुक करत, गाणं म्हणत, सुंडल आणि विडा घेऊन जात. अंबुजा हळदीकुंकवाचं तबक फिरवी. शुक्रवारी मात्र घर भरलं. तिरुप्पनंदाळहून वैनीची मावसबहीण वेदवती आली होती. तिच्या पायाला काही लागलं म्हणून तिने खाली पाहिलं.

“हे गं काय? मासा आहे का?”

“आमच्या अंबुजाने केलंय,” वैनी म्हणाली. “आकाशात जायचं जहाज. दिवे लागतात त्यात. लाव की अंबुजा, दाखव.”

अंबुजाने बटण दाबलं. खिडक्यांची ओळ उमटली, शेपटीची नळकांडी तांबडी झाली. बायकांच्या घोळक्यातून एकदम “अडेयप्पा!” निघालं. कुणी वाकून बघितलं, कुणी आत माणसं आहेत का विचारलं. वेदवती म्हणाली, “असलं केलेलं खाली कां ठेवलंत? पाय लागतो.” वैनीने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि कुणाला तरी गायला बसवलं.

गाणं लांबलं. एक संपलं की दुसरं. अंबुजा मागून हळूच सरकत पार्कापाशी आली आणि बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” वैनी दबक्या आवाजात म्हणाली. “बायका बसल्यात. विडा घेऊन उठेपर्यंत कोलूतला दिवा मालवायचा नसतो.”

अंबुजाचा हात तसाच राहिला. हा दिवा तसला नव्हे, वैनी, हा तापतो, एवढंच सांगायचं होतं. पण वैनी त्याला कोलूतला दिवा म्हणाली होती. खेळणं म्हणाली नव्हती. समईला जे लागू तेच याला लागू. अंबुजाने हात मागे घेतला, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसली. गाणाऱ्या बाईचा गळा गोड होता. मधेच तापल्या प्लॅस्टिकचा वास तिला आला. आणखी कुणाला आला नसावा. उदबत्त्या होत्या, शेवंती होती. ती उठली नाही.

शेवटची बाई विडा घेऊन गेली तेव्हा वैनी मागे वळली आणि तिने तोंडावर हात नेला.

यानाची मान खाली कलली होती. पुढचं टोक जवळजवळ वाळूला टेकलं होतं आणि मानेच्या खालच्या अंगाला प्लॅस्टिक सुरकुतलं होतं. खिडक्या अजून लागलेल्या होत्या. फक्त दोन विझल्या होत्या.

“अय्यो, अंबुजा! असं होतं तर बोलली कां नाहीस? मी काय मारणार होते तुला?”

“लक्षात नाही आलं,” अंबुजा म्हणाली आणि बटण बंद केलं.

 वैनीने जन्मात पहिल्यांदा आपल्या नणंदेला खोटं बोलताना पाहिलं होतं.

भंगलेली बाहुली कोलूत ठेवत नाहीत. कावेरीत सोडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूटीवर जाताना अंबुजाने यानाकडे पाहिलं नाही. संध्याकाळच्या आत आपणच काढून टाकावं, कुणाला सांगायला लावू नये, असं तिने ठरवलं होतं. बोर्डाचा अर्धा भाग आता भिंतीवरून उतरला होता. मागे पांढरा चौकोन दिसत होता. उरलेल्या अर्ध्यावर ती पाळीभर लोकांना जोडत बसली.

दुपारी घरी आली तर यान पार्कात नव्हतं.

काढलं, तिने मनात म्हटलं. बरंच झालं. चप्पल काढून, पाय धुऊन ती सरळ स्वयंपाकघरात निघाली.

“तिकडे कुठे?” आई खांबापासून म्हणाली. “वर बघ.”

शेवटच्या पायरीवर शेट्टी-शेट्टिणी दाटीवाटीने एका कडेला सरकले होते. मधे यान होतं, कललेल्या मानेसकट. त्याच्यापुढे वैनीने कुंकवाचं बोट लावलेली चिमूटभर अक्षत टाकली होती, बाकी बाहुल्यांपुढे असते तशी.

वैनी दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं होतं.

“भंगलेलं आहे ते, वैनी.”

“भंगलं कुठे? वाकलंय. आत्याबाईंना विचारलं मी.”

“मला विचारलंन,” आई म्हणाली. “मी म्हटलं, वाकलेल्यांना काढायचं तर आधी मला काढा.”

“आणि माहेरचं नाही ते,” अंबुजा म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

वैनीने पिठाच्या हातानेच कपाळावरची बट मागे सारली. “मग कुठलं? पडवीत बसून केलंस ना? हे घर कुणाचं माहेर? माझं तर नव्हे.” आणि उत्तराला न थांबता आत वळली. “चल, चणे निथळायचेत. पाच वाजता बायका येतील.”

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी कोलू उतरवला. त्या घरात ज्या बाईची बाहुली, तिनेच ती गुंडाळायची. आईची जोडी आईने मांडीवर घेऊन जुन्या धोतराच्या पट्ट्यांत गुंडाळली. वैनीने आपला कृष्ण गुंडाळला. मग ती मोठ्या ट्रंकेपाशी बसली आणि तिने हात पुढे केला.

“आण तुझं बोम्मं.”

अंबुजाने यान आणलं. वैनीने ते घेतलं नाही, ट्रंकेत जागा करून दाखवली. अंबुजाने साडीच्या मऊ तुकड्यात त्याला शेपटीकडून गुंडाळत आणलं. मानेपाशी आल्यावर ती अडली. कापड कसंही घेतलं तरी मान अधांतरी राही. ट्रंक हलली तर पार तुटायची.

वैनीने वातींचा कापूस ओढला, दोन्ही हातांत फुगवला आणि त्या मानेखाली, निजलेल्या पोराचं डोकं उचलून उशी सरकवावी तसा, हलकेच बसवला.